तेरा अक्षरे, सतरा अक्षरे

व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या लॅटिन महाकाव्याच्या आठव्या सर्गात सुमारे दीडशे ओळींच्या अंतराने दोन ओळी येतात. पहिलीत अग्निदेव व्हल्कनच्या भट्टीतले एकाक्ष राक्षस सारे बळ एकवटून घण उचलत आहेत. त्यांना नायक ईनिअससाठी शस्त्रे घडवायची आहेत. दुसरीत घोडेस्वारांची तुकडी भुसभुशीत रानातून टापांचा आवाज करत दौडत जाते. दोन्ही ओळी एकाच वृत्तातल्या, आणि हिशेबाने दोन्ही म्हणायला सारखाच वेळ लागायला हवा. पण पहिलीत अक्षरे तेरा आणि दुसरीत सतरा. घणाच्या ओळीत जीभ प्रत्येक अक्षरावर अडते, टापांच्या ओळीत ती थांबतच नाही. शेकडो वर्षे युरोपातल्या शाळांमध्ये या ओळी नादानुकारी अलंकाराचे नमुने म्हणून शिकवल्या गेल्या, आणि तिथेच एक घोटाळाही झाला. ‘नमुना’ म्हटले की वस्तू शोकेसमध्ये जाते. अलंकार म्हणजे मूळ मजकुरावर चढवलेला दागिना, काढून ठेवला तरी अंग शाबूत राहते, असा समज त्यातून पक्का होतो. हा समज आपल्यालाही नवा नाही. अलंकार काव्याची शोभा हारासारखी वाढवतात, असे संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने म्हणून ठेवले आहे. लॅटिन महाकाव्याच्या बाबतीत, निदान व्हर्जिलच्या बाबतीत, ही उपमा कामाची नाही. त्याच्याकडचा अलंकार काढून पाहावा, तर कथाच वेगळी होते.

आधी वृत्ताची रचना पाहू. मराठी वाचकाला ती इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल, कारण लॅटिन वृत्त आघातावर चालत नाही, लघु-गुरूवर चालते. स्वर दीर्घ असेल तर अक्षर गुरू. ऱ्हस्व असूनही पुढे दोन व्यंजने आली तर बहुधा तेही गुरू. ओळीच्या अखेरचे अक्षर कसेही चालते. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू मानण्याचा आपला नियम आणि हा नियम सख्खे भाऊ शोभतील. महाकाव्याच्या ओळीत सहा गण असतात, म्हणून त्या वृत्ताचे नाव हेक्झामीटर. गण दोनच प्रकारचे: गुरू-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, किंवा दोन गुरू. भगणाला ग्रीकांनी ‘डॅक्टिल’ म्हटले, म्हणजे बोट. कारण बोटाचे पहिले पेर लांब आणि पुढची दोन आखूड. दोन्ही गण चार मात्रांचे. मोरोपंतांच्या आर्येचा गणही चार मात्रांचाच, पण आर्येत चार मात्रा पाच प्रकारे भरता येतात. रोमन कवीला त्यांपैकी दोनच प्रकार मोकळे. त्यातही पाचवा गण जवळजवळ नेहमी भगण आणि सहाव्यात दोनच अक्षरे. म्हणजे मोकळीक उरली ती पहिल्या चार गणांपुरती, एकूण सोळा रचनांची. चारही जड घेतले तर ओळ तेरा अक्षरांची, चारही हलके घेतले तर सतरा अक्षरांची. घण आणि टापा या दोन टोकांवर उभ्या आहेत.

हे वृत्त लॅटिन भाषेच्या अंगाचे नव्हते. रोमचे सुरुवातीचे कथाकाव्य ‘सॅटर्नियन’ नावाच्या जुन्या देशी वृत्तात होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास एन्नियस या कवीने ‘अनालेस’मध्ये रोमचा इतिहास ग्रीक हेक्झामीटरमध्ये मांडला आणि पुढच्या प्रत्येक लॅटिन महाकवीला तोच रस्ता घ्यावा लागला. अडचण अशी की ग्रीकच्या मानाने लॅटिनमध्ये गुरू अक्षरांची गर्दी फार. होमरची ओळ जिथे सहज पळते, तिथे लॅटिन ओळ पाय ओढत चालते. एन्नियसने ती अनुप्रासाने जागी ठेवण्याचा प्रयत्न केला, कधी इतका की कान किटावेत. रणवाद्याचा आवाज उठवायला त्याने ‘तारातान्तारा’ असा सरळ ध्वनीच ओळीत बसवला. व्हर्जिलने पुढे तसाच रणवाद्याचा प्रसंग रंगवताना एन्नियसची ओळ डोळ्यांपुढे ठेवली, पण तो नुसता ध्वनी गाळला आणि अर्थ असलेल्या शब्दांतूनच खणखणाट उभा केला. दोघांत सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे, आणि अलंकाराचा प्रवास त्या अंतरात नेमका दिसतो: आवाज आधी अर्थाच्या शेजारी उभा होता, तो अर्थाच्या आत गेला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अठराव्या शतकात इंग्रज समीक्षक सॅम्युएल जॉन्सनने या ‘नाद म्हणजे अर्थाचा पडसाद’ प्रकाराची चांगलीच खिल्ली उडवली होती. वाचकाला अर्थ आधी कळतो आणि मग तो तोच अर्थ आवाजात ऐकू लागतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. त्यात तथ्य आहे. व्हर्जिलची सर्वांत आवडती रचना एक भगण आणि तीन जड गण अशी आहे. म्हणजे जडपणा त्याच्याकडे पावलोपावली सापडतो. प्रत्येक जड ओळीत घण किंवा दुःख शोधायला निघालो, तर न मिळण्याचे कारणच नाही. तेव्हा एवढे कबूल केले पाहिजे की नाद स्वतःहून अर्थ निर्माण करत नाही. शब्दांनी जे सांगितले त्याला तो फक्त साक्ष देतो, आणि साक्षीला किंमत येते ती आजूबाजूच्या ओळींपेक्षा ती ओळ वेगळी वाजली तरच. या कसोटीवर बरेच ‘नमुने’ गळतील, पण घणाची ओळ टिकते. ती व्हर्जिलने ‘ईनीड’च्या आधीच, ‘जॉर्जिक्स’ या शेतीवरच्या काव्यात वापरली होती. तिथे पोळ्यातल्या मधमाश्यांच्या कामाला एकाक्षांच्या घणकामाची उपमा दिली आहे. हीच ओळ काही वर्षांनी त्याने एका शब्दाच्या फरकाने पुन्हा घेतली, तीही त्याच कृतीसाठी. ज्याचा एकेका ओळीवरचा कष्ट प्रसिद्ध आहे, तो कवी ओळ पुन्हा वापरतो ती या कामाला हीच चाल हवी अशी खात्री असते म्हणून, असे मानायला जागा आहे.

पण माझे म्हणणे केवळ नादावर उभे नाही. जॉन्सनचा आक्षेप जिथे पोहोचतच नाही, असे अलंकार लॅटिनमध्ये आहेत, आणि त्यांत पहिला मान शब्दक्रमाचा. मराठीत विभक्तिप्रत्ययांमुळे ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाला मारले रामाने’ यांत कर्ता-कर्म बदलत नाही. लॅटिनमध्ये ही मुभा कितीतरी मोठी आहे. तिथे विशेषणही नामाचे लिंग, वचन आणि विभक्ती घेते, त्यामुळे ते नामापासून पाच शब्द दूर असले तरी आपले घर ओळखते. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावलेल्या कोणालाही हे सांगायला नको. दोन विशेषणे आधी, दोन नामे नंतर आणि मधोमध क्रियापद अशा रेखीव ओळीला सतराव्या शतकात इंग्रज कवी ड्रायडनने ‘सोनेरी’ म्हटले. ती नुसती शोभा म्हणून सोडून देऊ. पण चौथ्या सर्गातली गुहेची ओळ सोडून देता येत नाही. शिकारीला निघालेली कार्थेजची राणी डायडो आणि परदेशी पाहुणा ईनिअस वादळात सापडतात आणि आसऱ्याला एकाच गुहेत शिरतात. पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ तिथे आहे. त्या ओळीच्या एका टोकाला ‘गुहा’ हा शब्द आहे, दुसऱ्या टोकाला तिचे विशेषण, ‘तीच’ या अर्थाचे. मधल्या जागेत ती दोघे आहेत. कागदावरच गुहा त्यांच्याभोवती बंद होते. शिवाय ‘नेता’ या अर्थाचा शब्द डायडोच्या नावाला अगदी खेटून ठेवला आहे. तो व्याकरणाने ईनिअसचा. पण पुढचे विशेषण कानावर पडेपर्यंत, क्षणभर, नेता डायडोच वाटू शकते. पहिल्या सर्गात तिने आपल्या लोकांना जहाजांतून आणून शहर वसवले तेव्हा तोच शब्द तिच्यासाठी वापरला गेला होता. गुहेत शिरताना तो तिच्या हातून निसटून त्याच्याकडे जातो. या ओळीचा अन्वय लावा: माणसे, गुहा, वादळ सगळे जागेवर राहील, फक्त राणीने काय गमावले ते नाहीसे होईल.

आता उपमा. महाकाव्यातली लांबलचक उपमा होमरची देणगी, आणि व्हर्जिलवरचा नेहमीचा आरोप असा की त्याने ती उचलली. उचलली, यात वाद नाही. काय करून उचलली ते पाहण्यासारखे आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात खवळलेल्या सैनिकांच्या सभेला वाऱ्याने उसळलेल्या समुद्राची उपमा आहे. माणसांचा गोंधळ समजावा म्हणून निसर्ग आणला, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. ‘ईनीड’मधली पहिली मोठी उपमा नेमकी उलटी आहे: समुद्रदेव नेपच्यून वादळ शमवतो, आणि त्याची तुलना दगड-मशाली घेऊन उठलेल्या जमावाला शब्दांनी शांत करणाऱ्या एका आदरणीय नागरिकाशी केली आहे. इथे निसर्ग समजावा म्हणून राजकारण आणले आहे. व्हर्जिलने हे काव्य इ.स.पू. २९ च्या सुमारास हाती घेतले. यादवीतली ॲक्टियमची लढाई होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याचे पहिले श्रोते यादवी युद्धांत मोठे झालेले होते. त्यांना वादळापेक्षा दंगल जवळून माहीत होती. होमरची उपमा फिरवल्यामुळे काव्याचा विषय पहिल्याच सर्गात उघड होतो: ईनिअसचा प्रवास ट्रॉयहून इटलीकडे चालला असला तरी प्रश्न रोमचा आहे, आणि तो म्हणजे हा जमाव शांत कोण करणार. ज्याला हे फक्त अनुकरण दिसते, त्याने दोन्ही उपमा शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत.

दुसरी उपमा याहून धारदार आहे. ईनिअसच्या प्रेमात पडून शहरभर सैरभैर फिरणारी डायडो म्हणजे क्रीटच्या रानात बाण लागलेली हरिणी, असे कवी म्हणतो. बाण मारणारा दूर आहे आणि तो वर्मी बसला हे त्याला ठाऊकच नाही. बाण मात्र तिच्या कुशीत रुतून राहिला आहे. कथेच्या ओघात ईनिअस या घडीला निर्दोष आहे. देवांनी त्याला पाठवले, वादळाने त्याला इथे आणून टाकले, आणि तो रोमनांचा मूळपुरुष असल्यामुळे कवीने त्याला उघड दोष देणे अवघड. जे कथा बोलू शकत नाही, ते उपमा बोलून जाते: न कळता झालेली शिकार ही शिकारच. या सर्गात सुरुवातीपासून डायडोच्या प्रेमाला जखम आणि आग म्हटले आहे. प्रेमकवितेत ही दोन्ही रूपके तोवर गुळगुळीत झाली होती. व्हर्जिल ती वापरतो आणि सर्गाच्या अखेरीस खरी करतो. डायडो चिता रचते, ईनिअसकडून मिळालेल्या तलवारीने स्वतःला भोसकून घेते. आणि पाचवा सर्ग उघडतो तेव्हा दूर गेलेल्या जहाजांवरून कार्थेजमधली आग दिसत असते. रूपक आधी काढून टाकले असते तर शेवट हा एक अपघात ठरला असता. ते आहे म्हणून कळते की चिता पहिल्या ओळींपासूनच पेटलेली होती.

विशेषणांचेही तसेच. होमरच्या ठरावीक विशेषणांमागे मौखिक परंपरेची सोय होती, नाव आणि विशेषण मिळून ओळीतली रिकामी जागा भरत, हे होमरचा अभ्यासक मिल्मन पॅरीने १९२८ च्या आपल्या प्रबंधात दाखवले. व्हर्जिल लिहिणारा कवी होता. त्याला ही सोय लागत नव्हती. ईनिअससाठी त्याचे ठेवणीतले विशेषण म्हणजे ‘पियुस’: देव, वडील आणि देश यांच्या ऋणाला जागणारा. चौथ्या सर्गात डायडो त्याला दगाबाज म्हणून तोडून बोलते आणि मूर्च्छा येऊन पडते. तो तिला समजवावे असे वाटत असूनही जहाजांकडे वळतो. निवेदक नेमक्या याच वळणावर त्याला ‘पियुस’ म्हणतो. ही स्तुती की टोमणा, यावर वाचक आजही भांडतात. माझ्या मते कवीला दोन्ही ऐकू यायला हवे होते: कर्तव्य पाळणारा माणूस त्याच पावलाने कोणाला तुडवतो, हे एका विशेषणाच्या जागेवरून सांगितले आहे. विशेषण दुसरीकडे हलवा, वाक्याचा अर्थ तोच राहील, प्रश्न मात्र विझेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. हे सगळे टीकाकारांनी अभ्यासिकेत शोधलेले. भर सभेत काव्य ऐकणाऱ्या रोमनाला गुहेची ओळ कशी बंद होते हे कळत होते का? प्रत्येकाला नाही, हे उघड आहे. पण आपण कल्पना करतो त्याहून त्याचा कान तयार होता. वाचन बहुधा मोठ्याने होई. मुलाने वाचनाची सुरुवात होमर आणि व्हर्जिलपासून करावी असे वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियनने पहिल्या शतकात लिहिले, आणि व्याकरणाच्या शिक्षकाकडे ओळ गणांत तोडून म्हणणे हा नित्याचा पाठ होता. इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर ‘ईनीड’च्या आरंभीचे शब्द पुन्हा पुन्हा खरडलेले सापडतात. ब्रिटनच्या उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा छावणीत लाकडी पाटीवर नवव्या सर्गातली ओळ मिळाली आहे. पुढे संत ऑगस्टीनला पश्चात्ताप झाला तो याचा, की लहानपणी आपण स्वतःच्या पापांऐवजी डायडोसाठी रडलो. ज्या समाजात पाठांतर इतके खोल होते, तिथे अलंकार पहिल्या ऐकण्यात कळलाच पाहिजे अशी अट नव्हती. तो दहाव्यांदा म्हणताना कळला तरी चालत होते. ज्ञानेश्वरीची ओवी रोज म्हणणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अर्थात प्रत्येक लॅटिन महाकवीला हे साधले असे म्हणता येणार नाही, आणि तिथे दागिन्याची उपमा परत कामाला येते. ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये शिवराळ शेतकऱ्यांचे बेडूक होतात तेव्हा ‘पाण्याखाली’ या अर्थाचे शब्द लागोपाठ दोनदा येतात आणि लॅटिनमध्ये ते चक्क डरकतात. हा विनोद आहे, पण त्या काव्यात माणसाचा आवाज जाऊन प्राण्याचा उरतो ही शोकांतिका पानोपानी आहे, म्हणून विनोदही कथेला धरून राहतो. नीरोच्या हुकमाने इ.स. ६५ मध्ये पंचविसाव्या वर्षी मरण पत्करावे लागलेल्या लुकनने यादवी युद्धावरच्या काव्यातून देवांचा हस्तक्षेप वगळला आणि त्या जागी विरोधाभास आणि अतिशयोक्ती यांचा मारा केला. कित्येकांना तो कर्कश वाटतो. पण जिथे विजय हाच गुन्हा आहे, तिथे सरळ वाक्य खोटे ठरले असते. सिलियस इटालिकसची गोष्ट निराळी. हॅनिबलच्या युद्धावरचे त्याचे ‘पुनिका’ सतरा सर्गांचे, उपलब्ध लॅटिन महाकाव्यांत सर्वांत लांब. व्हर्जिलवर त्याची इतकी भक्ती की तो त्याचा जन्मदिवस स्वतःच्या जन्मदिवसापेक्षा थाटाने साजरा करी. वादळ, उपमा, ढालीचे वर्णन, सारे काही त्यात आहे. काढून टाकले तर युद्ध आहे तसेच राहते. अलंकार आणि दागिना यांतला फरक कळायला हे काव्य फार उपयोगी आहे.

हा फरक एका क्रियापदात पाहायचा तर ‘ईनीड’चा शेवट उघडावा. लॅटिनमधल्या ‘कॉन्डेरे’ या क्रियापदाचा एक अर्थ स्थापन करणे, दुसरा आत खुपसणे किंवा दडवणे. आरंभीच्या ओळींत हे क्रियापद नगर वसवण्यासाठी येते. सगळे कष्ट त्यासाठीच, असे कवी सांगतो. सुमारे ९,९०० ओळींनंतर, शेवटच्या प्रसंगात, शरण आलेला शत्रू टर्नस जीवदान मागतो आणि ईनिअस संतापाने तलवार त्याच्या छातीत खुपसतो. क्रियापद तेच. पुढे टर्नसचा प्राण जातो ती अखेरची ओळही नवी नाही. आधीच्या सर्गात रणरागिणी कॅमिला पडली तेव्हा तीच ओळ आली होती. काव्य तिथेच संपते, विजयाचे गाणे नाही, लग्न नाही, नगराची पायाभरणी नाही. सम्राट ऑगस्टसच्या आश्रयाखाली लिहिणाऱ्या कवीला शहर रक्तावर उभे राहिले असे उघडपणे म्हणणे कितपत शक्य होते हा वाद चालू राहील. श्लेष मात्र तिथे आहे, आणि तो वगळून ‘ईनीड’चा सारांश सांगणारा माणूस दुसऱ्याच कुठल्या तरी काव्याचा सारांश सांगतो.

इ.स.पू. १९ मध्ये व्हर्जिल वारला तेव्हा काव्य पुरे झाले नव्हते, आणि ते जाळून टाकावे अशी त्याची इच्छा होती असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते. ऑगस्टसने ती मानली नाही. व्हारियस आणि टुक्का या मित्रांनी हस्तलिखित प्रसिद्ध केले. पन्नासाहून अधिक ओळी अर्ध्यावर सोडलेल्या होत्या. चरित्रकार म्हणतो की कामात खंड पडू नये म्हणून काही ठिकाणी व्हर्जिलने किरकोळ शब्द घालून ठेवले होते, आणि त्यांना तो थट्टेने टेकू म्हणे: पक्के खांब येईपर्यंतचे. गण भरायला विशेषणांचा तुटवडा रोममध्ये कोणालाच नव्हता. पुढे काहींनी त्या ओळी पुऱ्या करून पाहिल्या, पण ते जमले नाही. मित्रांनी त्यांना हातच लावला नव्हता. आजच्या छापील प्रतींतही त्या ओळी अर्ध्याच आहेत.